गाठ काढायला पैसा मिळतो. त्याआधी आणि त्यानंतर काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात अधूनमधून एखाद्या लहानग्याच्या उपचारासाठी मदतीचे आवाहन येते. मेंदूत गाठ, ऑपरेशनला अमुक लाख लागणार, खाली बँक खात्याचा क्रमांक. नागपूरकर अशा वेळी हात आखडता घेत नाहीत. मेंदूत गाठ असलेल्या मुलांच्या घरच्यांसोबत काम करणाऱ्या आमच्या छोट्या गटाला एवढेच सांगायचे आहे की, या मदतीतला बराचसा पैसा ऑपरेशन टेबलापाशी गोळा होतो आणि मूल खरे अडते ते त्याच्या आधी आणि नंतर. लहान संस्थेने आपला रुपया तिथे लावावा आणि संशोधनाची सुरुवातही तिथूनच करावी, असे आमचे ठाम मत आहे.

ऑपरेशनच्या खर्चाचे आधी सांगतो, कारण ते थोडक्यात उरकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. मेंदूची शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमोथेरपी हे सगळे योजनेच्या यादीत येते. रुग्णालयात आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचे, टेबल असते, पहिली भेट तिथे द्यावी. अडते ते बहुधा कागदावर. मुलाचे नाव रेशनकार्डावर चढलेले नसते, किंवा आधारवर आणि जन्मदाखल्यावर नावाचे स्पेलिंग वेगवेगळे असते. ही कामे तहसील कार्यालयात किंवा आधार केंद्रावर होतात, त्यासाठी लाख रुपये लागत नाहीत. सोबत येणारा माणूस लागतो. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. लोकांकडून लाखो रुपये गोळा करण्याआधी या दोन दारांवर थाप मारून पाहावी.

योजनेचे पॅकेज सुरू होते ते मूल दाखल झाल्यावर. त्याआधीचे आठवडे, कधी कधी महिने, घरच्यांच्या खिशातून आणि मुलाच्या डोळ्यांतून जातात. डोळ्यांतून म्हणतो ते शब्दशः. कवटीत दाब वाढत राहिला की डोळ्यामागची नस सुजते, आणि ती फार दिवस सुजून राहिली की गाठ निघाल्यावरही गेलेली नजर परत येईलच असे नाही.

मुलांच्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाच्या खालोखाल मेंदूच्या गाठींचा क्रमांक लागतो. तरीही एकेका डॉक्टरच्या वाट्याला अशी मुले क्वचितच येतात, म्हणून चूक होते आणि त्यात कोणाचा हलगर्जीपणा असतोच असे नाही. लक्षणे रोजच्या आजारांसारखी दिसतात. मूल सकाळी उठताच उलटी करते. रात्रभर आडवे राहिल्याने डोक्यातला दाब वाढलेला असतो. उलटी झाली, थोडा वेळ उभे राहिले की त्याला बरे वाटते आणि ते पोहे खाऊन खेळायला जाते. घरचे म्हणतात पित्त आहे, नाहीतर शाळेला दांडी मारायचे निमित्त. मग जंताचे औषध होते, पित्ताची गोळी होते, पुढे चष्मा लागतो. प्रत्येक उपायाने चार दिवस बरे वाटल्यासारखे होते आणि महिना निघून जातो.

पालकांनी आणि शिक्षकांनी लक्षात ठेवावे ते असे. डोकेदुखी चार आठवडे मागे लागली असेल, विशेषतः झोपेतून जागे करणारी असेल. पोट साफ, ताप नाही आणि तरी उलट्या दोन आठवडे थांबत नसतील. नीट चालणारे मूल तोल जाऊन पडू लागले असेल. डोळा तिरळा झाला असेल किंवा एकाची दोन माणसे दिसत असतील. मान एकाच बाजूला वाकडी राहत असेल. ताप नसताना झटका आला असेल. खेळकर मूल महिन्याभरात मलूल आणि चिडके झाले असेल. वयात येण्याची चिन्हे दिसून मध्येच थांबली असतील, तर डॉक्टरांना नेमक्या शब्दांत विचारावे, ‘मेंदूची तपासणी करायची गरज आहे का?’ यांतली दोन लक्षणे एकत्र असतील तर थांबूच नये. बहुतेक डोकेदुखी गाठीची नसते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. घाबरायचे नाही, पण मोजायचे. कोणत्या तारखेला उलटी झाली, किती वाजता, हे कॅलेंडरच्या चौकटीत लिहून ठेवले तर डॉक्टरांचे अर्धे काम होते.

शिक्षकांना एक पुरावा हाताशीच असतो, तो म्हणजे वही. लहान मेंदूत, म्हणजे तोल आणि हालचाली सांभाळणाऱ्या मेंदूच्या मागच्या भागात, गाठ असेल तर हाताचा नेम चुकतो. जूनमधले पान आणि सप्टेंबरमधले पान शेजारी ठेवून पाहावे. सरळ जाणारी शिरोरेषा तुटक होते, अक्षरे रेघेखाली घसरतात, काना अक्षराला चिकटत नाही, खोडलेल्या जागा वाढतात. ‘अक्षर बिघडले, लक्ष नाही’ असा शेरा मारण्याआधी त्या मुलाला एका रेषेवर टाच-पंजा जोडून दहा पावले चालायला सांगावे.

दोन वर्षांखालच्या बाळांत टाळू आणि कवटीचे सांधे पुरते जुळलेले नसतात, म्हणून डोकेच वाढते आणि बाकीची लक्षणे उशिरा येतात. जन्मताच डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला सुमारे २, पुढचे तीन महिने १ आणि नंतर वर्षापर्यंत अर्धा सेंटिमीटर वाढतो. वर्षाचे बाळ साधारण ४६ सेंटिमीटरवर येते. अंगणवाडीत वजन होते, दंडाचा घेर होतो, तिथेच डोक्याचा घेरही घ्यावा. न ताणणारी टेप भुवयांच्या वरून आणि मागच्या सर्वात फुगीर भागावरून फिरवायची, तीनदा मोजून मोठा आकडा लिहायचा. एकाच मापाला अर्थ नाही. वाढीची रेषा तक्त्यावर पट्टे ओलांडून वर चालली आहे का, ते पाहायचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. त्यांच्या हाती हा तक्ता आणि वरची लक्षणे छापलेले एक कार्ड देणे हे लहान संस्थेच्या आवाक्यातले काम आहे.

याचा उपयोग होतो याला ब्रिटनमधला दाखला आहे. तिथे मुलांच्या गाठीचे निदान व्हायला तीन महिन्यांहून जास्त लागत, हे नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी आधी मोजून काढले. मग २०११ मध्ये लक्षणांची छोटी कार्डे डॉक्टर, शाळा आणि पालकांपर्यंत पोहोचवणारी हेडस्मार्ट मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांत हा काळ सात आठवड्यांच्या आत आला. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. आठवडे मोजले आणि कार्ड वाटले.

आता तपासणीचे. मूल गुंगीत असेल, सारखी उलटी करत असेल तर सीटी स्कॅन लगेच करावा, त्यात वाट पाहू नये. पण मुलांच्या सुमारे निम्म्या गाठी डोक्याच्या मागच्या, खालच्या कप्प्यात असतात. तिथे जाड हाडांमुळे सीटीची प्रतिमा गढूळ येते, आणि ब्रेनस्टेममधली, म्हणजे मेंदूच्या देठातली, गाठ त्यात निसटू शकते. म्हणून सीटी ठीक आला तरी लक्षणे चालूच असतील तर कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून दिलेले औषध) देऊन एमआरआय लागतो. लहान मूल त्या आवाजात अर्धा-पाऊण तास स्थिर पडून राहत नाही, त्याला भूल द्यावी लागते. भूल म्हणजे जेवण आणि वरचे दूध सहा तास बंद, आईचे दूध चार तास, साधे पाणी दोन तास. एमआरआयची तारीख हुकते ती इथे. पहाटे एसटीत मूल रडले म्हणून आजीने बिस्किट दिले, की भूलतज्ज्ञ नाइलाजाने नकार देतात आणि पुढची तारीख लांबते. मुलाला सर्दी-खोकला असेल तरी तेच. यावर उपाय साधा आहे: आदल्या रात्री एक फोन, आणि लांबून येणाऱ्यांची ती रात्र नागपुरात काढण्याची सोय. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळ, बालाघाट, छिंदवाडा इथून येणाऱ्या कुटुंबाला ही एक रात्र मिळाली तर पुढचे कित्येक दिवस वाचतात.

एक सूचना डॉक्टरांकडून मिळतेच, पण घरी विसरली जाते. गाठीभोवतीची सूज उतरवायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू करतात. दोन दिवसांत मूल हसू-खेळू लागते, जेवण वाढते. गाठ जिथल्या तिथे असते. ‘आता बरा आहे’ म्हणून ऑपरेशन पुढे ढकलणे किंवा गोळी आपल्या मनाने एकदम बंद करणे, दोन्ही जिवावर बेतू शकते. ही गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या पायऱ्यांनीच कमी करायची असते.

ऑपरेशन झाले, गाठ निघाली, की देणगीदारांचे लक्ष निघून जाते आणि सर्वात नाजूक सहा-आठ आठवडे सुरू होतात. मेडुलोब्लास्टोमा ही मुलांमधली नेहमी आढळणारी घातक गाठ घेऊ. ऑपरेशननंतर ७२ तासांच्या आत पुन्हा एमआरआय हवा, कारण त्यानंतर जखमेची सूज आणि उरलेली गाठ वेगळी ओळखता येत नाही. मणक्याचा एमआरआय हवा. साधारण दोन आठवड्यांनी पाठीतले पाणी तपासायचे असते. आणि रेडिएशन चार ते सहा आठवड्यांत सुरू व्हायला हवे; त्याहून उशीर झाला तर गाठ परतण्याचा धोका वाढतो. लहान मेंदूच्या ऑपरेशननंतर काही मुले एक-दोन दिवसांनी अचानक बोलेनाशी होतात. आई-वडिलांना वाटते, ऑपरेशन बिघडले. ही ओळखीची गुंतागुंत आहे, बोलणे आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत येऊ लागते, पण बोलायला आणि गिळायला शिकवणारे थेरपिस्ट लवकर लागतात. त्यांचे शुल्क संस्थेने भरावे.

या काळात सर्वात दुर्लक्षित वस्तू म्हणजे काढलेली गाठ. तिचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये जपला जातो आणि पुढचे सगळे निर्णय त्यावर टिकतात. तुकडा १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रवात), त्याच्या किमान दहापट द्रवात, रुंद तोंडाच्या बरणीत जायला हवा. घाईत तो सलाइनमध्ये पडून राहिला, बरणी लहान पडली, बफर नसलेले जुने फॉर्मेलिन वापरले गेले किंवा तुकडा त्यात दिवसेंदिवस राहिला, तर सूक्ष्मदर्शकाखाली तो ठीक दिसेल, पण त्यातले डीएनए आणि आरएनए तुटलेले असेल आणि त्यांवर होणारी रेणवीय चाचणी ‘नमुना अपुरा’ म्हणून परत येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार अनेक गाठींचे पूर्ण निदान अशा चाचणीशिवाय होतच नाही. पालकांनी डिस्चार्जच्या वेळी पॅथॉलॉजीचा अहवाल घ्यावा आणि ब्लॉक व स्लाइड कुठे आहेत, कोणत्या क्रमांकाने, ते विचारून लिहून ठेवावे. उन्हाळ्यात ब्लॉक पाठवायचा तर बर्फाच्या पॅकसोबत खोक्यात पाठवावा. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत मेण वितळू शकते.

ही चाचणी संशोधनाची चैन वाटू शकते. तशी ती नाही. मेडुलोब्लास्टोमाचे रेणवीय दृष्ट्या चार गट आहेत: डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट ३ आणि गट ४. सूक्ष्मदर्शकाखाली दोन मुलांच्या गाठी सारख्या दिसतील, पण डब्ल्यूएनटी गटातली दहापैकी नऊ मुले नीट उपचारांनी वाचतात, तर गट ३ मध्ये आजार पसरलेला असेल तर चित्र पुष्कळ कठीण असते. मुंबईच्या टाटा स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या खारघर इथल्या अॅक्ट्रेक केंद्राने या गटांची ओळख मेणाच्या साध्या ब्लॉकवरून पटवणारी पीसीआर चाचणी विकसित करून २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. गोठवलेला ताजा नमुना लागत नाही, म्हणजे विदर्भातल्या मुलाचा ब्लॉकही चालतो. मग कोणी म्हणेल, डब्ल्यूएनटी गटातल्या मुलांना रेडिएशन कमी द्या, पुढचे दुष्परिणाम टळतील. टाटामध्ये नेमका हाच प्रश्न घेऊन अभ्यास झाला. मेंदू-मणक्याचे पूर्ण रेडिएशन टाळून फक्त गाठीच्या जागी दिले, तेव्हा काही मुलांत आजार इतरत्र परतला आणि अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला. किती कमी करता येईल हे नोंदणी केलेल्या, नैतिक समितीने मान्य केलेल्या अभ्यासातच ठरते, एकट्या डॉक्टरच्या किंवा पालकांच्या धाडसाने नाही. अशा अभ्यासांना मुले कमी मिळतात. विदर्भातले प्रत्येक नीट तपासलेले मूल त्या मोजणीत धरले जायला हवे.

तेव्हा नागपूरच्या छोट्या संस्थेने संशोधनाला पैसा द्यायचा तो असा: प्रत्येक मुलाच्या रेणवीय चाचणीचा आणि ब्लॉक पाठवण्याचा खर्च, बफर्ड फॉर्मेलिन भरलेल्या बरण्या ऑपरेशन थिएटरला पुरवणे, आणि अर्धवेळ का होईना, एक नोंदणी करणारा माणूस. त्याने मुलाचे नाव न लिहिता सहा तारखा लिहाव्यात: पहिले लक्षण, पहिला डॉक्टर, पहिला स्कॅन, ऑपरेशन, रेडिएशनचा पहिला दिवस, शेवटची भेट. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये, एम्स, तुकडोजी चौकातले प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था यांनी या सहा तारखा एकाच तक्त्यात ठेवल्या, तर विदर्भात वेळ नेमका कुठे जातो हे दोन-तीन वर्षांत आकड्यांनी दिसेल. यासाठी नैतिक समितीची परवानगी लागते, पालकांची लेखी संमती लागते. आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाला समजावून त्याचा तोंडी होकार आणि १२ ते १८ मध्ये लेखी होकार घ्यायचा असतो. नवे औषध शोधणे आमच्यासारख्यांच्या ऐपतीबाहेर आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या छोट्या संस्थेला देणगीदारांनी जरूर प्रश्न विचारावेत.

रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, एकूण साधारण ३० वेळा, म्हणजे सलग सहा आठवडे. डोके हलू नये म्हणून मुखवटा करतात. प्लॅस्टिकची जाळीदार पट्टी गरम पाण्यात मऊ करून मुलाच्या चेहऱ्यावर ओढतात, ती काही मिनिटांत थंड होऊन त्याच्या चेहऱ्याचा आकार घेते आणि रोज टेबलाला कडेने क्लिपांनी बसवतात. लहान मूल बिथरते, मग रोज भूल, रोज उपाशी पोट, आणि रोज भूलतज्ज्ञ मिळेलच याची खात्री नाही. आधी तीन-चार दिवस खेळातून तयारी केली तर चार-पाच वर्षांपुढची बरीच मुले भुलेशिवाय पडून राहतात. जाळीचा जुना तुकडा हाताळायला द्यायचा, बाहुलीला मुखवटा घालायचा, शंभरपर्यंत आकडे मोजत न हलण्याचा खेळ खेळायचा, बाहेरून आईचा आवाज स्पीकरवर ऐकवायचा. खेळातून तयारी करून घेणारी प्रशिक्षित व्यक्ती नेमणे हा आमच्या लेखी देणगीचा सर्वात फलदायी उपयोग आहे.

केमोथेरपीच्या महिन्यांत घरी डिजिटल थर्मामीटर हवाच. १०० पॉइंट ४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही, गावातल्या डॉक्टरचे इंजेक्शन घ्यायचे नाही, थेट रुग्णालयाकडे निघायचे. पांढऱ्या पेशी कमी असताना काही तासांत जंतू रक्तात पसरतात. डोक्यात शंट (साचलेले पाणी वाहून नेणारी नळी) बसवला असेल आणि उलट्या, डोकेदुखी, सुस्ती पुन्हा दिसली तर शंट तुंबला असे धरून त्याच दिवशी न्यूरोसर्जन गाठावा. या सूचनांचे कार्ड मराठीत आणि हिंदीत हवे. माडिया आणि गोंडी बोलणाऱ्या घरांसाठी छापील कार्ड पुरत नाही, त्याच भाषेतला ध्वनिमुद्रित निरोप मोबाइलवर द्यावा.

सर्वच मुले वाचत नाहीत. ब्रेनस्टेममध्ये पसरलेल्या डीआयपीजी या गाठीवर रेडिएशनने काही महिने आराम मिळतो, आणि बहुतेक मुले निदानानंतर वर्षभरात जातात. अशा घरी जाऊन ‘परदेशात औषध आहे, पैसे गोळा करू’ म्हणणे हा अन्याय आहे. तिथे वेदना शमवणारे औषध वेळेवर मिळणे, गिळता येत नसेल तेव्हा नळीतून खाऊ घालायला घरच्यांना शिकवणे, भावंडांशी खरे बोलणारा समुपदेशक, एवढे नक्की करता येते आणि ते मनापासून करावे.

जी मुले वाचतात त्यांची शाळा परत सुरू होते, पण आधीच्या वेगाने नाही. सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाने उंच आवाज ऐकू येईनासे होतात, म्हणून प्रत्येक डोसच्या आधी श्रवण तपासणी हवी. रेडिएशननंतर वर्षांनी उंची खुंटते, थायरॉइड मंदावते, विचारांचा वेग कमी होतो. दरवर्षी हार्मोनची तपासणी हवी. पहिल्या बाकावर जागा, लिहायला जास्तीचा वेळ, आणि नियमात बसत असेल तर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून परीक्षेतली सवलत, हे शाळेनेच मागून द्यावे.

देणगीदारांसाठी दोन ओळी. संस्थेचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि मागच्या वर्षीचा लेखापरीक्षित हिशेब मागावा. न दाखवणाऱ्याला देऊ नये. पैसा शक्यतो थेट रुग्णालयाच्या किंवा प्रयोगशाळेच्या खात्यात जावा. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना ती मुळातच नाही.

पैशांइतकीच गरज जागेची आहे. मानेवाडा रोड, हनुमाननगर, मेडिकल चौक किंवा जामठ्याच्या वाटेवर ज्यांच्याकडे एखादी खोली रिकामी आहे, त्यांनी ती सहा आठवड्यांसाठी एका कुटुंबाला द्यावी. खोली तळमजल्यावर असावी, कारण तोल जाणाऱ्या मुलाला जिना चढवत नाही. संडास-बाथरूम स्वतंत्र हवे, पिण्याचे पाणी गाळलेले आणि उकळलेले, कूलर हवा, एक गॅसची शेगडी हवी. आपल्या जवळच्या रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांकडे किंवा समाजसेवा विभागात पत्ता आणि फोन नोंदवून ठेवला तरी पुरे.

आपले,
मेंदूत गाठ असलेल्या मुलांसाठी काम करणारे कार्यकर्ते, नागपूर